मिठात चपला

"चुकलंय ना? मग बरोबर करून दाखवा."

एवढं बोलून बाई खडू पुढे करायच्या. तक्रार घेऊन आलेला माणूस कोण, हे बघायच्या नाहीत. एकदा पोलीस पाटील म्हणाले, फळ्यावरच्या नकाशात आपलं गाव चुकलंय. बाईंनी खडू दिला. पाटलांनी गाव खाडीच्या पलीकडे काढलं. बाईंनी ते आठवडाभर पुसलं नाही. येणारा-जाणारा पाटलांना विचारायचा, घरी जायला होडी कुठून धरता?

ही साठ सालानंतरची गोष्ट. आज कळंबोलीला लोखंडाच्या गाड्या उभ्या असतात, त्याच्या पुढे खाडीला तेव्हा आमची मिठागरं होती. बाई देशावरून आलेल्या, आमच्या शाळेत बालवर्गाला शिकवायच्या. मी तिसरीत शाळा सोडलेला. पण मिठातलं मला कुणी शिकवू नये.

एकदा तालुक्याच्या ऑफिसातून लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक आलं. पानापानावर एकेक मूल वेश घेऊन उभं. राजा, शिपाई, डॉक्टर, नवरी. बाई पान उघडून विचारायच्या, तू कोण होणार? माझी पोर नाचत घरी आली, म्हणाली मी मिठागरवाली होणार, पुस्तकात हाय. मी मुद्दाम बघायला गेलो. फुलाफुलांची साडी पार घोट्यापर्यंत, टोपली कमरेवर, आणि पायांत चपला.

तुम्हीच सांगा, मिठात चपला घालून कुणी उतरतं? मिठाच्या कोंडीची, म्हणजे वाफ्याची, जमीन आम्ही अनवाणी पायांनी महिनाभर तुडवतो, तेव्हा ती फरशीसारखी होते. तिथं चपलेची टाच रुतली की चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. माझ्या बापाने चपलेसकट कोंडीत उतरलेल्या व्यापाऱ्याला दंडाला धरून बाहेर काढला होता.

"बाई, ह्ये चितार खोटं हाय," मी म्हणालो.

बाईंनी खडू पुढे केला.

मी फळ्यावर दोन पाय काढले. घाम फुटला. बाई शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, तुमच्या गावात पायाला सहा बोटं असतात का?" सगळा वर्ग हसला, त्यात माझी पोरही. मला राग आला, पण मोजली तर खरंच सहा.

मग बाईंनीच पुढचं मनावर घेतलं. शनिवारी पोरीची आई वर्गात येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. बाईंनी पुठ्ठ्यावर चित्र काढलं आणि जुन्या लुगड्याचा तुकडा मागून घेऊन त्यावर चिकटवला. पोरं हात लावून बघायची, ह्ये काकीचं लुगडं. पुढे होडीवाल्याचं पान झालं, बांगड्या भरणाऱ्या चाचांचं झालं. पुठ्ठे सुतळीने शिवले आणि आमचं पुस्तक तयार झालं. तोवर आमच्यातलं कुणी कधी चित्रात गेलं नव्हतं. पोरीची आई कामावर जाताना वाट वाकडी करून खिडकीतून आपलं पान बघायची. तिला वाटायचं, मला कळत नाही.

वर्षाखेरीला कार्यक्रम झाला. तालुक्याचे साहेब खुर्चीवर बसले. राजा आला, टाळ्या. डॉक्टर आला, टाळ्या. मग माझी पोर आली, आईच्या लुगड्यात, डोक्यावर टोपली, अनवाणी. साहेबांनी विचारलं, "हिला का नटवलं नाही?"

"नटलीय, साहेब. मिठागरवाली आहे," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. म्हणाले, हे तर हिचे घरचेच कपडे. वेश म्हणजे आपण जे नाही ते. मुलांना मोठी स्वप्नं दाखवा, मिठाची टोपली काय दाखवता?

पोरीने टोपली खाली ठेवली.

बाईंनी ऑफिसचं पुस्तक आणलं, त्यातल्या चपला दाखवल्या आणि साहेबांपुढे खडू धरला. "आमचं चुकलं असेल तर बरोबर करून दाखवा." साहेबांनी खडू घेतला नाही. तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या.

"दादा, मिठात चपला का चालत नाहीत, तुम्ही सांगा साहेबांना."

आणि मी काय केलं? ज्याच्या बापाने व्यापाऱ्याला दंडाला धरलं, त्या मी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणालो, "साहेब म्हनतील तसं."

माझं डोकं आजही तापतं. साहेबावर कमी, माझ्यावर जास्त. बाईंनी खडू मागे घेतला. परवानगी नसलेलं पुस्तक शाळेत नको म्हणून साहेबांनी आमचं पुस्तक काखेत मारून नेलं. लुगड्याच्या तुकड्यासकट. पोरीची आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा बाईंची बदली झालेली. कुठे, ते कुणी सांगेना. जागेवर नवे मास्तर होते आणि टेबलावर ऑफिसचं तेच पुस्तक, चपलांच्याच पानावर उघडं.

मी चपला दाराबाहेर काढल्या. आत जाऊन फळ्याखालचा खडू उचलला आणि दोन पाय काढले, अनवाणी. मास्तर म्हणाले, काका, हे काय? पुसा ते. मी म्हणालो, चुकलं होतं, बरोबर केलं. पुसायचं असेल तर तुम्ही पुसा.

एकेका पायाला पाच बोटं होती. या वेळी मोजून काढली होती. तपासायला बाई नव्हत्या.