शिंप्याचं मशीन आणि दोन कबुल्या

चाळीस वर्षं उलटली, तरी ही एक केस मला अजून सरळ सांगता येत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचं काहीही विचारा, सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते लगेच सांगेन. या किरकोळ चोरीचं मात्र तसं होत नाही. मुळात चोरी झाली होती का, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

युद्धाची वर्षं होती. प्रशिक्षण संपवून मी नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागात एका ठाण्यावर नवा फौजदार म्हणून रुजू झालो होतो. डोक्यात पुस्तकं ताजी होती. नुसतं कृत्य म्हणजे गुन्हा नव्हे, त्यामागे तसा इरादा लागतो. गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकारची, आरोपीची नव्हे. पोलिसापुढं दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि त्याची थोडी घमेंडही होती. माझे हवालदार वयानं वडिलांएवढे. मी बोलू लागलो की ते ऐकून घेत आणि पान लावत.

गावाबाहेर ओढ्यापलीकडं एक वस्ती होती. त्या वेळच्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यांतली ही एक. जमातीचं नाव लिहीत नाही. वस्तीतल्या प्रत्येक पुरुषानं रोज पाटलाकडं हजेरी द्यायची, परगावी जायचं तर दाखला घ्यायचा. आणि आसपास कुठंही काही चोरीला गेलं की वस्तीतले सगळे बाप्ये ठाण्याच्या आवारात आणून बसवायचे, ही ठाण्याची जुनी रीत. कुणी बोलेपर्यंत त्यांनी उन्हात बसायचं. बायका भाकरी घेऊन येत आणि फाटकापाशी ठेवून जात. मला ते पटत नव्हतं, पण नवा होतो, गप्प राहिलो.

एका सोमवारी पेठेतला शिंपी फिर्याद घेऊन आला. दोन दिवस बायकापोरांसह सासुरवाडीला गेला होता. परत येऊन पाहतो तर घरातलं शिवणाचं मशीन गायब. त्याच्यावर सहा माणसांचं पोट होतं. बोलता बोलता तो रडायलाच लागला. मी पंचनाम्याला गेलो. दाराचं कुलूप शाबूत होतं, कडीला ओरखडा नव्हता. हवालदारांनी सांगितलं, "बनावट किल्ली. वस्तीवाल्यांचं काम." मी तसंच लिहून घेतलं. शेजारीपाजारी चौकशी करावी हे माझ्या मनात आलंच नाही, कारण चोर कुठं राहतो हे आम्हाला आधीच माहीत होतं.

मंगळवारी वस्तीतली माणसं आवारात बसली. गुरुवारी सकाळी त्यांचा म्हातारा पंच उठला आणि तिशीच्या एका माणसाला माझ्यापुढं उभं केलं. तो माणूस हात जोडून म्हणाला, "म्या केली चोरी, सायेब. बाकीच्यास्नी सोडा."

मला केवढा आनंद झाला! पहिलीच केस आणि तीन दिवसांत उघडकीला आली. बाकीच्यांना मी तिथल्या तिथं सोडलं. पण जबाब घ्यायला बसलो आणि सगळं डळमळायला लागलं. माल कुठं आहे? विकला. कुठं? बाजारात. कुणाला? वळखीचा न्हवता. नेलास कसा? घोंगड्यात गुंडाळून, डोक्यावर. शिंप्यानं फिर्यादीत लोखंडी पायांचं, पायानं चालवायचं मशीन लिहून दिलं होतं. ते घोंगड्यात गुंडाळून नेणारा पैलवान काही हा नव्हता. मी त्याला विचारलं, शिंपी पाय कुठं ठेवून शिवतो रे?

त्यानं हवेत हात गोल फिरवला. मग म्हणाला, "पाय कशाला? हातानं फिरवत्यात की."

त्यानं ते मशीन कधी पाहिलेलंच नव्हतं. मी हवालदारांना बाहेर बोलावून हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, साहेब, स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय, मॅजिस्ट्रेटपुढंही करेल, तुम्ही कशाला खोदत बसता? मी माझी पुस्तकी वाक्यं ऐकवली. ते म्हणाले, ते परीक्षेपुरतं ठीक आहे. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं. न केलेला गुन्हा कोण कशाला अंगावर घेईल, हेच मला कळत नव्हतं. त्याला विचारलं तर तो फक्त म्हणे, लिवून घ्या, सायेब.

शुक्रवारी खबर आपल्या पायानं चालत आली. शिंप्याच्या समोर मिशनच्या शाळेतले एक मास्तर राहत. ख्रिस्ती गृहस्थ, कपडे नीटनेटके, बोलणं मोजकं. रविवारची उपासना आटोपून ते नगरला गेले होते आणि नुकतेच परतले होते. त्यांनी सांगितलं की रविवारी सकाळी शिंप्याचा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन आला होता, त्यानं किल्लीनं कुलूप काढलं, मशीन गाडीत चढवलं आणि कुलूप लावून गेला. बाजाराचा दिवस असल्यामुळं आळीत दुसरं कुणी नव्हतं. मी जरा चिडूनच म्हणालो, मग हे त्या शिंप्याला तरी सांगून जायचं होतं.

"फौजदारसाहेब, थोरला मुलगा बापाच्या घरातून वस्तू नेतोय, यात सांगण्यासारखं काय होतं?" मास्तर म्हणाले. "आणि मी नव्हतो, पण माझी बायको तर घरीच होती. तिला विचारायला कोण आलं?"

 दुसऱ्या दिवशी मी भिंगारला, त्या भावाच्या घरी गेलो. थोरला भाऊ छावणीच्या कामाचे खाकी शर्ट शिवत ओसरीवर उघड्यावर बसला होता, त्याच मशीनवर. मला पाहून त्यानं पाय थांबवला, पण घाबरला नाही. मशीन बापाचं, धाकट्यानं इतकी वर्षं वापरलं, आता काम मला आलंय. सांगायला गेलो तर तो घरी नव्हता, असं त्याचं म्हणणं. बापाच्या वेळची दुसरी किल्ली त्यानं कमरेच्या करगोट्यातून काढून दाखवली. वस्तू उचलली हे खरं, पण चोरीचा इरादा कुठं होता? आपल्या हक्काची समजून नेली होती. माझ्या पुस्तकाप्रमाणं हा गुन्हाच नव्हता, दिवाणी तंटा होता. मी 'सी' समरी मागितली, म्हणजे गैरसमजुतीनं दाखल झालेला गुन्हा निकालात काढावा असा अहवाल पाठवला. मशीनचं काय करायचं ते दोघा भावांनी गावच्या पंचांपुढं बसून मिटवलं.

आता त्या माणसाला सोडायचं होतं. मी स्वतः कोठडीपाशी गेलो आणि म्हणालो, तू निर्दोष आहेस, जा घरी. तो उठेना. मला वाटलं, त्याला समजलं नाही. परत सांगितलं. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला आनंद म्हणता येणार नाही.

फाटकाशी म्हातारा पंच थांबला होता. त्याच्याकडून मला सगळं कळलं. सगळे बाप्ये ठाण्यावर बसले की वस्तीची चूल बंद पडते, विहिरी खोदायची कामं जातात. म्हणून त्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं. दरवेळी एकानं जायचं, घरटी पाळी लावायची. जो जाईल त्याची बायकापोरं बाकीच्यांनी सांभाळायची. पाळी शिक्षा भोगल्यावरच सुटणार. चोरी कुणी केली, याची चौकशी त्यांनीही कधी केली नव्हती.

"मालकीण दोन म्हैन्याची पोटुशी हाय माजी," तो माणूस माझ्याकडं न बघता म्हणाला. "आत्ता आत गेलो असतो तर सा म्हैन्यानं, पोराच्या येळंला भायेर आलो असतो. तुमी सोडलं, सायेब. आता पुढच्या चोरीला परत मलाच यावं लागंल."

मी त्याला कायदा समजावून सांगितला. न केलेल्या गुन्ह्यासाठी कुणालाही यावं लागणार नाही, असं ठणकावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि गेला.

चारेक महिन्यांनी एका बागाईतदाराच्या मळ्यातून तेलइंजिनाचे पितळी भाग चोरीला गेले. या वेळी शेजारीपाजारी मी स्वतः फिरलो, गाडीवाट पाहिली, मोड घेणाऱ्या भंगारवाल्यांची दुकानं पाहिली. हाती काही लागलं नाही. वस्तीला मी हात लावला नव्हता, पण वरून विचारणा झाली तेव्हा तोही लावावा लागला. दुसऱ्याच दिवशी तो माणूस हजर.

मी त्याचा जबाब घ्यायला बसलो. मागच्या वेळी मी जे जे विचारलं होतं ते ते सगळं त्याला या वेळी ठाऊक होतं. भाग किती, वजन किती, कोणत्या बाजूनं आत शिरला, पाना कुठून आणला. मी आडून विचारलं, उलटं विचारलं, कुठंही चुकला नाही. मग पंचनाम्याच्या पंचांसमोर ओढ्यातला एक दगड उलटून त्यानं एक पितळी चकती काढून दिली. ती त्यानं चोरून पुरली होती, की कबुलीला बळ यावं म्हणून चार दिवस रान धुंडाळून शोधली होती? मला कळलं नाही. हे लिहितानाही कळत नाही. पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसली, तरी तिच्यावरून सापडलेल्या मालाला असते. शिवाय मॅजिस्ट्रेटपुढं त्यानं गुन्हा कबूल केला. नऊ महिन्यांची शिक्षा झाली. मूल झालं तेव्हा तो तुरुंगात होता.

पुढं नव्या भरतीला शिकवायला मला बोलावू लागले. गुन्हा म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, याच्या व्याख्या मी फळ्यावर लिहून देत असे. त्या चुकीच्या आहेत असं मला कधी वाटलं नाही. पण त्या लिहिताना हा माणूस डोळ्यांपुढं येई आणि माझा खडू थांबे. कायदा पाळायला म्हणून मी त्याला नीट प्रश्न विचारले, आणि आत कसं जायचं ते त्याला माझ्याच प्रश्नांतून समजलं. मी पहिल्या वेळी त्याला सोडलं ते बरोबर केलं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो, पण छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

शिक्षा लागल्यावर त्याला नगरला न्यायची वेळ झाली, तेव्हा मी बाहेर उभा होतो. बेडी घातलेले हात त्यानं कपाळाला लावले आणि अगदी मनापासून विचारलं, "या खेपेला बराबर सांगितलं न्हवं, सायेब?"