पिंपावरचं नाव

माझ्या काचीगुड्याच्या स्वयंपाकघरात या आणि स्टीलवर एक डाग शोधून दाखवा. सापडणार नाही. आमच्या बोअरचं पाणी इतकं खारं की थेंब वाळला की पांढरा ठिपका बसलाच. पण मी थेंब वाळूच देत नाही. धुतलं की लगेच पुसायचं, ही आईची शिस्त.

त्याच आईचं पाण्याचं स्टीलचं पिंप ती गेल्यावर माझ्याकडे आलं. शेवटी शेवटी तिचा हात थकला होता, त्यामुळे पिंपावर क्षारांचा पांढरा थर चढलेला. लेक सिकंदराबादला नवं घर मांडत होती आणि मला ते तिलाच द्यायचं होतं. तिनं बघून नाक मुरडलं. "नक्को आई. कितीऽ डाग! मी नवीन घेते."

असा राग आला! म्हटलं, "डाग पाण्याचे आहेत, पिंपाचे नाहीत. थांब जरा."

तारेची घासणी मी घरात येऊ देत नाही. डाग जातो, ओरखडे कायमचे राहतात. चिंचेचा कोळ कोमट करून पिंपाला थापला, थोडा वेळ मुरू दिला आणि मऊ फडक्यानं पत्र्याच्या रेघेच्या दिशेनं चोळत बसले. आडवातिडवा हात मारला की चमक गेलीच म्हणून समजा. थर सुटला, पाणी ओतून धुतलं, तशी काठाखालची टिपक्याटिपक्यांची अक्षरं वर आली.

त्या अक्षरांचा आईला केवढा तोरा! पिंप सुलतान बाजारात घेतलं, तेव्हा दुकानदार वडिलांचं नाव घालायला निघाला होता. आईनं ठणकावलं, "ह्यांचं नाही, माझं नाव!" त्यानं तेलुगू लिपीत घालून दिलं. आम्ही तेलुगू बोलतो फडाफडा, पण वाचता कुणाला येतंय? आईचं नाव म्हणून आम्ही ते जन्मभर मिरवलं.

लेकीला मराठी वाचताना घाम फुटतो, तेलुगू मात्र ती शाळेत शिकलेली. वाकून तिनं वाचलं, "माझं नाव."

"तुझं कसं असेल गं? आजीचं आहे ते."

"अगं, लिहिलंयच तसं! मा-झं ना-व."

अगं बाई! त्या शहाण्यानं ऐकलं तसंच घातलं होतं! हसता हसता मला रडू फुटलं. हे ऐकायला आई हवी होती.

"मग हे माझंच की!" लेक म्हणाली. माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि राहिलेलं पाणी वाळायच्या आत पुसून काढलं. रेघेच्या दिशेनं हं, आडवं नाही. शेवटी नात कुणाची!