धावायचं नाही, पडून राहायचं

मी संरक्षणशास्त्र शिकवतो. हा विषय मी काही हौसेने निवडला नव्हता. पवनीच्या शाळेतून बारावी होऊन बी.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा इंग्रजी वाङ्मयाची भीती वाटली, अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, आणि उरलेल्या विषयाचे सर प्रेमळ होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे कोणता विषय चांगला, हे सांगणारंही कोणी नव्हतं. त्या सरांचे उपकार मी आजही मानतो. आणि त्याहून जास्त माझ्या मोठ्या बहिणीचे, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो. रोवणीच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत मजुरीला गुडघाभर चिखलात उभी असायची आणि मी कोरड्या वर्गात बसलेलो असायचो. माझी फी तिच्या त्या मजुरीतून जायची. भंडाऱ्याच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पेढे मी पहिल्यांदा कोंढ्याला तिच्या घरी नेले.

हल्ला करणाऱ्याकडे बचाव करणाऱ्याच्या निदान तिप्पट माणसं हवीत, असं मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. मग हानीचे प्रकार लिहितो: ठार, जखमी, कैद, बेपत्ता. मुलं उतरवून घेतात. ती तिप्पट माणसं आणायची कुठून, हे पुस्तकात नाही. मला ते माझ्या भाच्यामुळे कळलं. ती कोंढ्याहून आणायची.

भाचा म्हणजे बाईचा एकुलता मुलगा; त्याच्या पाठची एक बहीण. आयटीआय करून वरठीला ठेकेदाराकडे वेल्डिंगला होता. तिथेच खोली घेऊन राहायचा, सायकलने कामावर जायचा. ठेक्याचं काम संपलं तसा घरी येऊन बसला. त्याच काळात नागपूरच्या कुण्या एजंटाने रशियात गोदामात हेल्परची जागा असल्याचं सांगितलं. सामान चढवायचं, उतरवायचं, बस. युद्ध तिथून लांब आहे म्हणाला. आम्हाला कळलं तेव्हा पोराचं तिकीट निघालं होतं.

पहिले काही दिवस त्याचे हसरे फोटो आले. मग एक दिवस माझ्या मोबाईलवर त्याचा आवाज आला. हळू बोलत होता. "मामाजी, इथं हेल्परचं काम नाई. बंदूक देल्ली मले. मायले सांगू नोका." कोणत्या भाषेतल्या कागदावर सही केली, ते त्यालाही वाचता आलं नव्हतं. थोडे दिवस बंदूक चालवायला शिकवली आणि युक्रेनच्या हद्दीत पुढे पाठवलं. त्यानंतर फोन बंद.

बाईला सांगावंच लागलं. मी अर्ज केले, दिल्लीला फोन लावले, खासदारांच्या घरी जाऊन बसलो. उत्तर सगळीकडून एकच आलं, चौकशी सुरू आहे. पुढे एकदा तिकडच्या सैन्याकडून निरोप आल्याचं सांगण्यात आलं. बेपत्ता. माझ्या फळ्यावरचा चौथा शब्द.

कोंढ्यात मात्र युद्ध रंगलं होतं. टीव्हीवर भोंगा वाजायचा, स्टुडिओत खोटे रणगाडे धावायचे आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याची उजळणी व्हायची. कोणतं क्षेपणास्त्र किती दूर जातं, हे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता सांगणारी पोरं त्या गावात निघाली. मी मोटारसायकल थांबवली की विचारत, सर, कोण जिंकन? दोन्ही देश समोरच्याचे मेलेले मोठ्या आवाजात सांगत, आपले सांगत नसत. तिथे बाकड्यावर एक म्हातारे रोज बसायचे. ते एकदा म्हणाले, "दोघायचे सांगतलेले मुडदे जोडले, मास्तर, तं लढून कोन राहिलं मंग?" सगळे हसले. मीही हसलो. विषय शिकवणाऱ्या माझ्याकडेही याहून चांगला प्रश्न नव्हता.

पोरांचा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे ड्रोनचे व्हिडिओ. दोन्ही बाजूचे सैनिक ते बनवून सोडतात. वरून एक माणूस दिसतो, तो धावतो, ड्रोन मागे लागतं, खाली संगीत वाजत असतं. क्रिकेटचा षटकार पाहावा तसे ते पाहिले जायचे. त्यातल्याच कोणीतरी बाईच्या मुलीला सांगितलं, त्याच्यात आपल्याकडचे पोट्टेही दिसतात मनून.

त्या दिवसापासून बाई ते व्हिडिओ पाहू लागली. कोंबडी कापताना तोंड फिरवणारी माझी बहीण मुलीच्या मोबाईलवर अंगठ्याने एकेक माणूस वर सरकवत बसायची. मुलगी रडून सांगायची, आई नोको पाहू. बाई म्हणायची, बाकीच्यायचीही माय असनच ना कुठंतरी, ते नसन पाहत तं मी पाहतो.

दिवाळीनंतर, धान कापणीला आला होता तेव्हा, तिने मला बोलावलं. मी सकाळीच पोचलो. ओसरीत सतरंजी टाकून तिने मला बसवलं आणि चहा दिला. मग मोबाईल पुढे केला.

काळी ओली जमीन, पानं झडलेली झाडं. चौघं जण एका रांगेत चाललेले. ड्रोनचा आवाज कळला तसे तिघे झाडांकडे धावले. चौथा धावला नाही. तो जमिनीवर उपडा पडला, जॅकेट मागून डोक्यावर ओढलं, दोन्ही हात पोटाखाली घातले आणि तसाच राहिला. चित्रात तो मोठा मोठा होत गेला आणि चित्र एकाएकी बंद झालं. चेहरा कुणाचाच दिसला नाही.

"माह्याच हाय," बाई म्हणाली.

चेहरा दिसत नाही, वर्दी सगळ्यांची सारखी, असं मी म्हणून पाहिलं. ती शांतपणे सांगत गेली. भाचा लहान असताना ती त्याला घेऊन जंगलात मोहफुलं वेचायला जायची. तिथे झाडांवर आग्या मोहोळ असतं. माश्या उठल्या की धावणाऱ्याच्या मागे लागतात. म्हणून तिने पोराला शिकवून ठेवलं होतं. धावायचं नाही. जमिनीवर उपडं पडायचं, दुपट्टा डोक्यावर घ्यायचा, हात पोटाखाली लपवायचे, आणि त्या जाईपर्यंत हलायचं नाही. एकदा खरंच माश्या उठल्या. बायाबापड्या सैरावैरा पळाल्या, सगळ्यांची तोंडं सुजली. हा मात्र पडून राहिला आणि डंखाशिवाय घरी आला. तेव्हापासून त्याचा त्या युक्तीवर मोठा विश्वास.

"तिकडं कोन पोट्टा हात पोटाखाली घेते?" ती म्हणाली. मग तिने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मला बोलावलं होतं. "मंग बाबू, चित्र बंद झालं मंजे गेल्या ना माश्या? तू हेच शिकवतं. पडून रायला तं वाचला असन ना तो?"

मी हे खरंच शिकवतो. त्या यंत्राच्या तोंडाशी स्फोटकं बांधलेली असतात आणि कॅमेराही तिथेच असतो. ते माणसावर आदळलं की कॅमेराही फुटतो. चित्र बंद होतं ते म्हणून. वर्गात हे सांगताना मुलं फार लक्ष देऊन ऐकतात.

मी खोटं बोलू शकलो असतो. पण तिने मला शिकवलं होतं ते खोटं बोलण्यासाठी नव्हे, असं मला वाटलं. मी सांगितलं. जितकं हळू सांगता आलं तितकं.

तिने मोबाईल सतरंजीवर ठेवला. मग म्हणाली, "म्या पड मनलं मनून पडला. धाव मनलं असतं तं?"

मग मी तिला सांगितलं की धावणारे तिघेही वाचले नसावेत. हे धीर देण्यासाठी नव्हतं, ते खरं होतं. झाडाखाली गेलं तर मागून येणारं दुसरं ड्रोन झाडाखाली येतं, खड्ड्यात गेलं तर खड्ड्यात. माश्यांना घरी परतायचं असतं, याला परतायचं नसतं. तिथे कोणाच्याही आईने काहीही शिकवलेलं कामी येत नाही.

"असं हाय," ती म्हणाली. आणि उठून तिने माझा कप घासायला नेला.

मृत्यूनंतर आम्हा बौद्धांकडे होणारा जलदान विधी तिनेच ठरवला. नातेवाईक म्हणाले, सरकारचा कागद नाही, प्रेत नाही, जरा थांब. तिने कोणाशी वाद घातला नाही. मले दिसला, एवढंच म्हणायची. विहारात फोटो ठेवला, आयटीआयच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. सगळे पांढऱ्या कपड्यांत आले. पानठेल्यावरची पोरंही आली, आणि त्यांनी आपल्या मनाने विहाराच्या समोर एक मोठा फ्लेक्स बांधला होता. त्यावर भाचा, मागे तिरंगा, खाली रणगाडा आणि लाल अक्षरांत 'वीर शहीद'.

बाई आत शिरताना थांबली. तिने मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मग तिने त्या पोरांना विचारलं, "कोनासाठी शहीद रे बाबा? त्या लोकायनं आपलं काय केलं होतं, ज्यायच्या वावरात हा बंदूक घेऊन गेला?" एकाने मान खाली घालून सुतळी सोडायला सुरुवात केली, मग दुसरा मदतीला आला.

विधी नीट पार पडला. सरणत्तयाची वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. मला चार शब्द बोलायला सांगितलं. शिकलेला माणूस मीच होतो. मी उभा राहिलो आणि तो सायकलवर कसा कामाला जायचा, ते सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कोंढ्याला गेलो तेव्हा आभाळ भरलं होतं आणि लोक कापून रचलेल्या धानाचे पुंजणे झाकायच्या घाईत होते. रस्त्याच्या कडेच्या पुंजण्यावर तो फ्लेक्स टाकलेला दिसला. पांढरी बाजू वर होती, रणगाडा खाली धानाकडे तोंड करून. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. मी गाडी थांबवली नाही. बाईच्या घरी पोचलो तेव्हा ती अंगणात धान पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, चहा ठेवला हाय, गाळून घे.