बगळे उभे होते तिथे

मी पदवीसाठी मुंबईत आलो तेव्हा वरळी कोळीवाड्यातल्या एका घरानं मला पोटमाळ्यावर जागा दिली. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. घरमालक काका गल्लीत सांगत फिरायचे, "आमच्या माळ्यावर बी.ए. राहतो." मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. नोकरी लागल्यावर दादरला खोली घेतली, तरी रविवारचं जेवण अजून त्यांच्याकडेच असतं.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी होडी विकली. पुढे डॉक्टरांनी पाण्यावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण काका कुणाच्याच होडीत बसेनात. दारात, समुद्राकडे पाठ करून, दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करत राहायचे. एकदा वाढता वाढता काकांच्या बायको, मावशी, हळूच म्हणाल्या, "माणूस सुकत चाललाय रे, बोंबलासारखा. तुझं ऐकतात. एकदा पाण्यावर ने त्यांना."

गेल्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसातले काहीजण कोकणातल्या एका नदीवर निघाले. कयाक, म्हणजे एकट्यापुरती चिंचोळी होडी, वल्हवायची, काठानं चालायचं, पक्षी बघायचे. मी काकांना विचारलं.

"येतो. पण चालायला. पाण्यात बसणार नाय."

तरीही मी त्यांच्या नावानं एक कयाक सांगून ठेवली.

माझ्या गावची नदी पावसाळ्यात दोन महिने वाहायची, बाकी वर्षभर आम्ही तिच्या पात्रात क्रिकेट खेळायचो. त्यामुळे नदीत एवढं हिरवं, भरलेलं पाणी मी पहिल्यांदाच बघत होतो. सकाळी काठानं चालताना आमच्या गाइडनं काकांच्या हातात दुर्बीण दिली. काकांनी ती गळ्यात अडकवली आणि नुसत्या डोळ्यांनीच बोट दाखवलं, "तो बघा खंड्या! आमचा वाटेकरी!" भर समुद्रात एका होडीतून दुसरीला हाक मारायचा तो आवाज. खंड्या उडाला. लांब चिखलात ऊन खात पडलेलं पाणमांजरही पाण्यात शिरलं.

"काका, हळू," मी म्हणालो.

"हळू बोलून मासे मिळत नाय," ते म्हणाले, पण ओशाळले.

धक्क्यावर सगळे कयाकमध्ये बसले. काकांनी मान हलवली आणि बाकावर जाऊन बसले. गाइड बाकीच्यांना घेऊन वळणाच्या पलीकडे गेला. मी मागे रेंगाळलो, कारण नदीच्या मध्यावर आठ-दहा बगळे ओळीनं उभे होते आणि मला जवळून फोटो हवा होता. मी सरळ त्यांच्याकडे वल्हवत गेलो. बगळे उडाले, कयाक मऊ चिखलावर चढली आणि तिथंच बसली. समुद्र जवळच होता, ओहोटी लागली होती. बघता बघता माझ्याभोवतीचं पाणी सरकू लागलं. मी उतरायला पाय बाहेर काढला.

"उतरू नको! कमरेपर्यंत जाशील!" धक्क्यावरून आरोळी आली.

मी पाय आत घेतला. वळून पाहिलं तर काका उरलेल्या कयाकपाशी वाकले होते. त्यांनी ओंजळीनं पाणी घेऊन कपाळाला लावलं, मग त्या पिवळ्या प्लास्टिकच्या टोकालाही हात लावून नमस्कार केला, आणि एक गुडघा कसाबसा दुमडून आत बसले. दोन्ही टोकांना पाती असलेलं ते वल्हं त्यांनी जन्मात धरलं नव्हतं. एकाच बाजूनं मारत राहिले. कयाक जागच्या जागी गोल फिरली.

"हे कसलं दोन तोंडांचं रे?" म्हणून त्यांनी एक शिवी हासडली, आणि मग जमलं.

खोल पाण्यातच थांबून त्यांनी आपल्या कयाकला बांधलेला दोर फेकला. मी मागच्या टोकाला बांधला, वल्हं चिखलात रोवून ढकललं. तिसऱ्या हिसक्याला कयाक सुटली.

"बी.ए., बगळ्याला पोहता येतं काय?"

"नाही."

"मग तो उभा हाय तिथं पाणी कुठनं असणार?"

मी म्हटलं, "चला, धक्क्याला परत जाऊ."

"कशाला? बाकीची मंडळी वर गेलीत ना?" त्यांनी कयाकचं तोंड वळणाकडे फिरवलं. "माझ्या मागं ये. बगळे दिसले की लांबून."

पुढच्या रविवारी मी कोळीवाड्यात शिरलो तर गल्लीतल्या बायका मला बघून हसत होत्या. बी.ए. चिखलात बसला, ही बातमी घरोघर पोचली होती. काका दारात नव्हते.

"बस जरा," मावशी म्हणाल्या. "भाच्याच्या होडीवर गेलेत पहाटे. येतीलच."

त्यांनी तवा अजून चढवला नव्हता. मासळी यायची होती.