कोंडाबाईची परात

"आवाज येतोय नव्हं?" एवढं विचारून तो चार पावलं चालून दाखवायचा. करकरणाऱ्या वहाणा त्यानं भोरहून मुद्दाम करवून घेतल्या होत्या. पारावर कुणी वर्तमानपत्र वाचत बसलं की हा हमखास तिकडून जायचा, आणि परत यायचा.

अशांना आमच्या वेल्ह्याकडे गबरगंड म्हणतात. तुमच्याही गावात एखादा असेल; त्याला डोळ्यांपुढे आणा, म्हणजे माझे कष्ट वाचतील. नुसत्या श्रीमंतीनं हा शब्द मिळत नाही. आपल्याकडे आहे यापेक्षा दुसऱ्याकडे नाही याचा ज्याला आनंद, त्यालाच तो शोभतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, आणि राजगडाखालच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावणारा हा माणूस दोन वर्षांत शेट झाला. सोन्याचं घड्याळ कोटाच्या बाहीवरून बांधायचा. वेळ विचारली की मनगट पुढे करायचा. "बघा की तुमीच. तुमाला बी कवातरी सोनं बघाया मिळू दे." खरं म्हणजे त्याला आकडे कळत नव्हते, अक्षरंही नाहीत. त्याची मला चीड नाही. त्याच्या भट्टीवरच्या बायाही शिकलेल्या नव्हत्या, पण त्या कुणाला मान खाली घालायला लावत नसत.

आमच्या देवळात गावकीची भांडी असत. लग्न निघालं की हंडे, पातेली, पराती तिथूनच न्यायच्या. ज्याला जमेल त्यानं एखादं भांडं गावाला द्यावं आणि त्यावर नाव घालावं, अशी जुनी रीत. त्या साली सगळ्यांची कल्हई उडाली होती आणि लग्नसराई तोंडावर आली होती.

"समद्यांस्नी कल्हई म्या लावतो," शेट म्हणाला. "पर नाव माजं. जुनी घासून काडायची."

मी तेव्हा चळवळीची पत्रकं वाटत हिंडायचो; चावडीवर उभा राहून बोललो. ही आपल्या गेलेल्या माणसांची नावं आहेत, ती विकायची नसतात, म्हणालो. एक म्हातारे म्हणाले, "पोरा, तुजी पत्रकं शिजवून वऱ्हाडाला वाढू का?" सगळे हसले. अर्धं गाव त्याच्या भट्ट्यांवर राबत होतं.

भोरचे कल्हईवाले चाचा आले. कानस लावण्याआधी ते प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत. "सखूबाई," म्हणत, जरा थांबत, मग घासत. बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. शेट कंटाळला.

"चाचा, कीर्तन लावलंय व्हय? वाचू नगा. घासा!"

चाचांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, पुढची परात मांडीवर घेतली आणि मुकाट्यानं घासली.

थोड्या वेळानं पारूआजी आली. शेटच्या आईबरोबर तिनं रानात हिरडा वेचलेला. ती भांडी चाळवू लागली.

"लेका, तुज्या आयची परात कुटं हाय रं?"

"कंची परात?"

"तू रांगत हुतास तवाची. तीन वर्सं हिरडा येचून घेतली तिनं. सवताच्या घरात पितळ न्हवतं, पर गावाला दिली. कोंडाबाई लिव्हलंय तिच्यावर."

चाचांचा हात थांबला. "होती. आत्ताच घासली, शेट. तुम्हीच वाचू नका म्हणालात."

"मला आय कदी बोलली न्हाई," शेट म्हणाला.

"कुणालाच बोलली न्हाई ती," आजी म्हणाली.

"परत घाला नाव. लागंल ते देतो."

चाचांनी घासलेल्या जागी नख वाजवलं. "पत्रा पातळ झालाय. छिन्नी मारली तर भोक पडंल."

"मग परात मला इकत द्या. बदल्यात धा देतो!"

"ती गावाची हाय, बाबा," आजी म्हणाली. "तिनंच दिलीया."

तो कोटासकट धुळीत उकिडवा बसला आणि त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवत राहिला. त्याच्यासाठी एक जळजळीत वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

पण पालटला असेल असं समजू नका. संध्याकाळपर्यंत बाकीच्या सगळ्या भांड्यांवर त्याचं नाव पडलं, ठसठशीत. त्या एका परातीला मात्र त्यानं हात लावू दिला नाही.

लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्ट्या विझल्या. तो पुण्याला गेला तो गेलाच. भांड्याभांड्यावर त्याचं नाव आहे, पण ते नाव कुणी घेत नाही. लग्नघरची बाई देवळात येते आणि त्या कोऱ्या परातीकडे हात करून म्हणते, "कोंडाबाईची द्या."