अर्ध्या बसच्या बाई

आमच्या बाई खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. खुर्चीवर त्यांची पर्स आणि फोनचा चार्जर असायचा; बाई वर्गभर फिरत असायच्या. झरी जामणी तालुक्यातली आमची शाळा सातवीपर्यंतची. मी सातवीत असताना बाभुळगावकडून बदलून आलेल्या या बाई मराठी शिकवायच्या आणि शनिवारी आम्हाला गावाबद्दल लिहायला लावायच्या. लिहिलेलं त्यांच्या तडकलेल्या फोनवर आपल्या आवाजात भरायचं, फोटो जोडायचे आणि शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायचं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळायची. व्हिडिओ चढेपर्यंत बाई टाकीभोवती चकरा मारायच्या, जणू त्यांच्या चालण्याने तो लवकर चढणार होता.

धीर त्यांच्या अंगात नव्हताच. आम्ही ‘प्रशासनाने लक्ष द्यावे’ असं झोकात लिहून नेलं की वही परत यायची. “प्रशासन म्हंजे कोण बाप्पा? त्याले काही नाव, टेबल, खुर्ची आहे का नाही?” मग आम्ही चरफडत पुन्हा लिहायचो. सातवीतल्या पोरांना सुविचार लिहायला सांगावेत, साहेबांची टेबलं कसली शोधायला लावतात, असं माझी मैत्रीण म्हणायची आणि मला ते पटायचं.

त्यांचा एक नियम मात्र फारच जाचक होता. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला ते आधी वाचून दाखवायचं, तेही त्याच्या बोलीत. तो हो म्हणाला तरच टाकीकडे जायचं.

हा नियम माझ्यावरच शेकला. आठवीसाठी मोठ्या गावच्या हायस्कुलात जावं लागे आणि आमच्या बंजारा तांड्याकडून तिकडे बसच नव्हती. सातवीनंतर तुझी शाळा बंद, असं बाने सांगून टाकलं होतं. मी तेच लिहिलं, वाचणाऱ्याला रडू फुटेल असं: बाप मुलीला शिकू देत नाही. बाई वाचता वाचता थबकल्या. हे पहिले तुझ्या बाले ऐकव, म्हणाल्या. मी नको नको म्हणत होते, तोवर त्या चपला घालून निघाल्यासुद्धा.

बा अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या मोळ्या बांधत होता. मी खाली मान घालून गोरबोलीत, आमच्या घरच्या भाषेत, वाचलं. त्याने हातातली मोळी आवळून बांधली. मग बाईंना म्हणाला, “मी नाही म्हणतो, हे लिवलं मॅडम. कायले नाही म्हणतो, ते पोरीनं इचारलंच नाही. येताना अंधार पडते, मधात जंगल हाये, वाघ फिरून राह्यला. मी शाळेले नाही भेत. त्या रस्त्याले भेतो.”

बाईंनी त्याच्यापुढे फोन धरला आणि हेच पुन्हा बोला, भाऊ, म्हणून विनवलं. त्या व्हिडिओत माझा चेहरा नव्हता. रस्ता होता, बाचा आवाज होता आणि डेपोतल्या साहेबांना हुद्द्यासकट विचारलेले माझे प्रश्न होते. व्हिडिओ तालुकाभर फिरला. पोरांना राजकारण शिकवता का, असं विचारायला दोघं शाळेत आले. बाईंनी त्यांनाही त्यांचं म्हणणं फोनवर बोलायला सांगितलं. ते परत फिरकले नाहीत.

जूनमध्ये बस सुरू झाली. सकाळची एकच फेरी. आम्ही नाचत ‘बस आली’ असं लिहून नेलं, तर बाईंनी तोंड वाकडं केलं. “अर्धी आली म्हणून लिहा. गेलेली पोरगी संध्याकाळी घरी कशी येईन?” खरं सांगते, मला त्यांचा संताप आला. माणसाने कधीतरी खूश व्हावं की नाही?

पण बाने मला आठवीत घातलं. संध्याकाळी एक जीप फाट्यापर्यंत सोडायची. तिथून पुढच्या जंगलवाटेसाठी तो काठी घेऊन उभा असायचा. त्याच पावसाळ्यात बाईंची मारेगावला बदली झाली. निरोपाचा हार घालून घ्यायलाही त्या नीट उभ्या राहिल्या नाहीत. मी मात्र घरी येऊन खूप रडले.

आता मी यवतमाळला कॉलेजात आहे. बाईंचा फोन येतो. हालहवाल संपायच्या आत त्या संध्याकाळच्या फेरीचं विचारतात. परवा मी अभिमानाने सांगितलं की तांड्यातले बाप आता पाळी लावून फाट्यावर उभे राहतात, एकही पोरगी सातवीत थांबत नाही. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. पण लगेच म्हणाल्या, “बापायनं कुठवर उभं राहावं? जाय, त्या बापायलेच विचार. आन् लिही.”

म्हणून मी तांड्यावर निघाले आहे. शुक्रवारची पाळी बाची असते. त्याची पोरगी केव्हाच हायस्कूल संपवून गेली, तरी तो काठी घेऊन जातो. कायले जातो, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.