फोटोच्या कडेला दिसणारी प्लेट

तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंतीवर लावला नाही, याचं तुम्हा दोघांना वाईट वाटलं. तुमच्या शहरातल्या त्या इटालियन हॉटेलातला फोटो. आजोबा आणि मी समोरासमोर, मधे एकच प्लेट, आणि मी आजोबांच्या प्लेटमधून खाते आहे. खाली तुम्ही लिहिलंत, "इतक्या वर्षांनीही एका ताटात!" फोनवर तुम्ही विचारलंत की आजी, फोटो आवडला नाही का? फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. म्हणून लिहिते आहे, आणि क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला मधेच काही विचारावं लागणार नाही.

लग्न झालं तेव्हा आजोबा मुंबईत एका कापूस कंपनीच्या कचेरीत होते. माझे वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे माझं शिक्षण मुंबईतच, इंग्रजी शाळेत झालेलं. आम्ही दादरला एका खोलीत राहायचो. आजोबांचा पगार झाला की आम्ही फोर्टातल्या एका छोट्या हॉटेलात जायचो. पांढरा टेबलक्लॉथ, खिडकीपाशी दोन खुर्च्या. तिथला गोवेकर स्वयंपाकी एका इटालियन बोटीवर काम करून आलेला होता. त्याच्या हातची मॅकरोनी म्हणजे टोमॅटोचा दाट लाल रस, लसूण, वरून किसलेलं चीज. पहिल्यांदा ती समोर आली तेव्हा आजोबांनी काट्याने एक नळी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "ही तर आपली शेवई. फक्त हिला बाळसं आलंय."

काटा कसा धरायचा हे मी त्यांना शिकवलं. ते मुद्दाम चुकीचा धरायचे आणि पलीकडच्या पारशी म्हाताऱ्याकडे बघून मला डोळा मारायचे. पण खरं सांगायचं तर मला मॅकरोनीपेक्षा त्या टेबलाची ओढ होती. घरी आजोबा फारसे बोलत नसत. तिथे बसले की बोलायचे. साहेबाने काय म्हटलं, लहानपणी तापीत कसे बुडता बुडता वाचले, पुढे काय करायचं मनात आहे, सगळं. घास घेऊन, चावून, मग बोलायचे आणि मी काय म्हणते त्याची वाट बघायचे. माणूस आपल्या समोर बसून जेवतो तेव्हा त्याला आपल्याकडे बघावंच लागतं. एवढीच गोष्ट होती, पण मला ती फार मोठी वाटायची.

मग तार आली. तुमच्या पणजोबांना अर्धांगाचा झटका आला होता. "कपाशी निघेपर्यंत," आजोबा म्हणाले. मी खोलीतली भांडी शेजारणीकडे ठेवून आले, कारण परत जायचंच होतं. ती भांडी बहुधा अजून तिच्याकडेच असतील.

तेव्हा आपला जिल्हा वेगळा झालेला नव्हता, सगळं धुळ्यातच. नंदुरबारला उतरायचं, तिथून बसने शहादा, आणि शहाद्याहून बैलगाडीने ब्राह्मणपुरीच्या पलीकडे आपलं गाव. घर मोठं, धान्याने भरलेलं, कशाचीही उणीव नाही. म्हणूनच तक्रार करायला जागा नव्हती. सासरे खाटेवर असले तरी घर त्यांच्याच नजरेवर चालायचं. आधी पुरुषांची पंगत. सून डोक्यावरून पदर ओढून वाढणार. ते उठले की त्यांच्या ताटांत बायकांनी जेवायचं, नवऱ्याच्या ताटात त्याची बायको. मी आजोबांच्या ताटात बसायचे. ते माझ्यासाठी ताटात काहीतरी ठेवून उठायचे. भाजीतली मोठी फोड, पापडाचा तुकडा. शेजारच्या बायका म्हणायच्या, भाग्याची आहेस, आमच्यासाठी तर नुसती हाडं आणि मिरच्यांचे देठ. मीही ते प्रेमच समजायचे, आणि होतंही. पण प्रेम करणारा माणूस तोवर हात धुऊन ओसरीवर गेलेला असायचा.

आणखी एक बदल झाला. गावात पाऊल टाकल्यापासून आजोबा माझ्याशीही अहिराणीत बोलू लागले, तेही कामापुरतं. "पानी दे." "बैल उनात का?" म्हणजे आले का. मुंबईतली त्यांची मराठी दादरच्या भांड्यांबरोबर तिकडेच राहिली असावी.

कपाशी निघाली. मग गहू आला. मग पुढची कपाशी. परत जायचं नाव कुणी काढेना, आणि मी काढलं की आजोबा म्हणायचे, "आबाले आसं टाकीसन?" मी मुंबई मागणं सोडलं. मनात एकच गोष्ट धरून ठेवली. मुंबई नको, मॅकरोनीही नको, पण कधीतरी एकदा दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं. तेवढं झालं तर बाकीचं मी निभावून नेईन, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षी मला दाताच्या डॉक्टरकडे नंदुरबारला नेलं. दात काढून झाल्यावर आजोबा आपणहून म्हणाले, "चल, हॉटेलात जाऊ." मराठीत म्हणाले! स्टेशनजवळच्या त्या हॉटेलात मागच्या बाजूला पडदे लावलेले कप्पे होते, बाहेर पाटी, 'फॅमिली रूम'. आत एक टेबल, दोन बाकं. मी पदर खाली घेतला. आजोबांनी दोन राइस प्लेट मागवल्या आणि हसून म्हणाले, "इथे बाळसं आलेली शेवई नाही हं." माझा गाल सुजलेला, तरी मी हसले. ताटं आली. तेवढ्यात बाहेरून मोठा आवाज आला. लोणखेड्याचे आजोबांचे चुलते बाजाराला आलेले होते. आजोबा झटकन उठून पडद्याबाहेर गेले.

"काय रे, एकलाच उना का?" चुलत्यांनी विचारलं.

पडदा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"हा काका, एकलाच," आजोबा म्हणाले.

"ये मंग, बस आठे."

ते तिथेच बसले, जेवले, पाऊसपाण्याचं बोलले. चुलत्यांच्या देखत बायकोला घेऊन हॉटेलात बसणं म्हणजे खाटेवरच्या बापाची शोभा करणं, हे मला कळत होतं. पण कळल्याने घास उतरत नाही. माझ्यासमोर दोन भरलेली ताटं होती, आणि पडद्याच्या फटीतून आजोबांची पाठ दिसत होती. काका गेल्यावर ते आले आणि म्हणाले, "अजून जेवली नाहीस?" मी म्हटलं, "दात दुखतोय."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. घरात फणुल्या करायचं काम सुरू झालं. तुम्ही त्या पाहिलेल्या नाहीत. गव्हाच्या पिठाची छोटी गोळी नव्या कोऱ्या फणीच्या दात्यांवर अंगठ्याने दाबत पुढे सरकवायची, की तिची रेघारेघांची पोकळ गुंडाळी होते. उन्हात वाळवायची आणि रुखवतात मांडायची. सासूबाईंची फणुली एकसारखी, मोत्यासारखी. मी पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी बसले आणि बघतच राहिले. ही तर मॅकरोनी! फोर्टातल्या त्या हॉटेलातली, फक्त नाजूक. मी आजोबांना ते सांगितलं. ते कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

पुढच्याच आठवड्यात सासूबाई आणि नणंद लग्नाच्या कपड्यांसाठी शहाद्याला गेल्या. सासऱ्यांना गाडीत घालून वैद्याकडे नेलेलं. घरात आम्ही दोघंच, आल्यापासून पहिल्यांदा. आजोबा शेतातून लवकर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्या घरात पुरुष तिथे येत नसे. म्हणाले, "कर ना ती आज." मी विचारलं, घरच्या खिरीसाठीच्या फणुल्या कुठल्या बरणीत आहेत ते कोण सांगणार? त्यांनी स्टुलावर चढून फळीवरची बरणी काढली आणि दिली. "ही असेल."

मिठाच्या पाण्यात फणुल्या उकळल्या. टोमॅटो, लसूण, लाल मिरची. चीज कुठून आणणार, म्हणून वरून भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. आजोबांच्या हिशेबाच्या टेबलावरची कागदपत्रं त्यांनी स्वतः उचलली. मी धुतलेलं धोतर घडी करून पांढरा टेबलक्लॉथ म्हणून अंथरलं. दोन थाळ्या. दोन खुर्च्या. काटे नव्हते, चमचे घेतले. आजोबांनी एक फणुली उचलून उजेडात धरली, आणि मला वाटलं, आता बोलणार.

तेवढ्यात गल्लीत बैलगाडीची घुंगरं वाजली.

आजोबा उठले. थाळी उचलून ओसरीवर गेले आणि जमिनीवर मांडी घालून, दाराकडे तोंड करून बसले. गाडी पुढे निघून गेली, शेजाऱ्यांची होती. मी वाट बघितली. आता आत येतील, असं वाटलं. ते तिथेच जेवले, आणि थाळी आत आणून माझ्यासमोर ठेवली. तळाशी थोड्या फणुल्या राखून ठेवल्या होत्या. माझ्यासाठी.

संध्याकाळी सासूबाईंनी बरणी पाहिली.

"रुखवतन्या फनुल्या कोठे गयात?" मग माझ्याकडे वळून, "खीर करी का तू?"

मी सांगितलं, मिठात शिजवल्या.

"मीठ? आनि लसन? रुखवतना फनुल्यासले?" त्या खालीच बसल्या. "ऐका वं माय, मुंबईनी मेम काय करस ते!"

आजोबा ओसरीवर होते. बरणी त्यांनी काढली होती, हे त्यांनी तिथूनच एका वाक्यात सांगितलं असतं तर संपलं असतं. ते पान लावत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा फणुल्या वळायला, सासूबाईंच्या भाषेत 'वयाले', बसलो. फणीवरून नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, "तो जेवना का तुन्हासंगे?"

एवढं सगळं झाल्यावर त्यांनी हेच विचारलं. मी मान हलवली, नाही.

"नही बसाव तो. बापना पोऱ्या शे." त्यांनी अंगठ्याने गोळी पुढे सरकवली. "तू वय. अशी जाड नको करू."

सासरे वारले. पुढे सासूबाईही गेल्या. तोवर आमच्या घरात डायनिंग टेबल आलं होतं, तुमच्या आईने हट्टाने घेतलेलं. आजोबांना कुणाची भीती उरली नव्हती. ते मला म्हणायचे, "बस ना." मी म्हणायचे, "तुम्ही घ्या आधी, गरम आहे." मी खोटं बोलत नव्हते. ते जेवत असताना माझ्या घशाखाली घास जात नाही. शरीराला जे शिकवलं ते शिकवलं.

म्हणून तो फोटो. त्या हॉटेलात तुम्ही आम्हाला खिडकीपाशी समोरासमोर बसवलंत, पांढरा टेबलक्लॉथ होता, आणि तुम्ही दोघं मुद्दाम पलीकडच्या टेबलावर गेलात. दोन प्लेट आल्या. आजोबांनी काटा अगदी नीट धरला, आणि ते बोललेही. फोर्टातला तो पारशी म्हातारा आठवतो का, असं विचारलं. मला आठवत होता. मी हात मांडीवर ठेवून ऐकत होते. त्यांचं संपत आलं तेव्हा त्यांनी तळाशी थोडी मॅकरोनी राखली, प्लेट माझ्याकडे सरकवली आणि काट्याची मूठ माझ्या बाजूला फिरवून दिली. मी खायला लागले. तेवढ्यात तुम्ही फोटो काढलात.

नीट बघा. उजव्या कडेला माझी प्लेट अर्धी दिसते. भरलेली आहे.